मूत्रपिंडरक्षणाची विद्या आणि मराठवाडा

बार्शीकडून लातूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुरुड नावाचे स्थानक लागते, आणि २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी याच मार्गाने लातुरास पोहोचली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले, आणि त्या वार्तेने काही दिवस सबंध देशाचे लक्ष या जिल्ह्याकडे लागून राहिले. धरणातला मृतसाठा, विहिरींची खोली, टँकरच्या खेपा आणि छावण्यांतली जनावरे यांचे तपशील सरकारी दफ्तरात यथास्थित नोंदले गेले. परंतु माणसाच्या देहात पाण्याचा हिशेब अहोरात्र राखणारे जे इंद्रिय आहे, त्याच्यावर टंचाईचा, उन्हातान्हातील श्रमांचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या व्याधींचा काय परिणाम होतो, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. मूत्रपिंडाचा रोग कसा आवरावा आणि रोग्याचे रक्षण कसे करावे, याविषयी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर जे संशोधन झाले, त्याचा वृत्तांत मराठवाड्याच्या भूमीवर उभे राहून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मूक व्याधी

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी १८० लिटरांच्या आसपास द्रव रक्तातून गाळतात, त्यातले बहुतेक पाणी, क्षार आणि साखर पुन्हा रक्तात परत घेतात, आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. निसर्गाने ही शक्ती इतक्या मुक्तहस्ताने दिली आहे की तिचा निम्मा भाग नष्ट झाला तरी देह तक्रार करीत नाही. आणि पायांवर सूज, चालताना धाप, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे जेव्हा दिसू लागतात, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ‘किडनी फेल झाली’ हे वाक्य आपल्याकडे एखाद्या अपघाताची बातमी सांगावी तसे उच्चारले जाते. वस्तुतः त्या अपघाताची पूर्वतयारी दहा-दहा वर्षे चाललेली असते.

या मूक व्याधीला प्रथम बोलते केले ते लंडनच्या गाईज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी. सूज आलेल्या रोग्यांचे मूत्र तापवताच त्यातील प्रथिन गोठून पांढरे होते, आणि अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे विकृत आढळतात, हा संबंध त्यांनी १८२७ साली ग्रंथबद्ध केला. मूत्रातील अल्ब्युमिनची आजची साधी, स्वस्त तपासणी ही त्याच निरीक्षणाची वंशज होय.

यंत्र आणि पाणी

निदान झाले, तरी उपाय यावयास आणखी शतकभर जावे लागले. जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ साली सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्यांतून रोग्याचे रक्त फिरवले आणि कृत्रिम मूत्रपिंडाचा पाया घातला. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणे बसवले. १९६० साली सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीशी कायम जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी योजिली, तेव्हा कुठे जुनाट रोग्याला वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले. आपल्या देशात मूत्रपिंड बसवण्याचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला, आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात यश आले.

डायलिसिस यंत्राविषयी एक गोष्ट मराठवाड्याने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्रात रक्ताच्या शेजारून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका बैठकीस त्यामुळे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि आठवड्यास तीन बैठका धरल्या तर एका रोग्याचा हिशेब ३६० लिटरांवर जातो. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी यात धरलेले नाही. ते पाणी कसे असावे, हे संशोधनाने अतिशय कटू अनुभवातून ठरवले आहे. १९७० नंतरच्या दशकात पाण्यातील ॲल्युमिनियममुळे डायलिसिसच्या रोग्यांच्या मेंदूस विकार जडतो, हे उघडकीस आले. १९९६ साली ब्राझीलच्या ईशान्येकडील कारुआरू या नगरात, अवर्षणाच्या दिवसांत, जलाशयातून टँकरने आणलेले आणि अपुरे शुद्ध केलेले पाणी एका डायलिसिस केंद्रात वापरले गेले. त्यातील शेवाळसदृश सूक्ष्मजीवांचे विष थेट रक्तात उतरून रोग्यांची यकृते निकामी झाली आणि सुमारे ५० रोगी दगावले. ज्या जिल्ह्याने टँकर आणि आगगाडी या दोहोंचे पाणी प्यायले आहे, त्या जिल्ह्यातील प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या पाण्याची नियमित तपासणी ही नोंदवहीतली औपचारिक बाब मानणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळणे होय.

यंत्राच्या आधी

गेल्या तीन दशकांतील संशोधनाचा खरा पराक्रम मात्र यंत्राच्या अलीकडचा आहे. रोग्याला डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचूच द्यावयाचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा. १९९३ साली अमेरिकेत ४०९ मधुमेही रोग्यांवर झालेल्या चाचणीत, रक्तदाबासाठी वापरले जाणारे कॅप्टोप्रिल हे औषध मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आणते, असे सिद्ध झाले. २००१ साली लोसार्टनची चाचणी १,५१३ रोग्यांवर झाली आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. ही दोन्ही औषधे गाळणीच्या आतील दाब उतरवतात, आणि गाळणी फाटण्याची क्रिया मंदावते.

पुढील मोठे पाऊल पडण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली, आणि ते जिथून निघाले ती वाट फार जुनी होती. १८३५ साली फ्रेंच रसायनज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा केला होता. तो दिल्यास मूत्रातून साखर जाऊ लागते, हे त्या शतकातच कळले होते. त्याच तत्त्वावर आधुनिक काळात मधुमेहाच्या ज्या गोळ्या घडल्या, त्या साखरेबरोबर मूत्रपिंडाचेही रक्षण करतात, हे २०१९ ते २०२३ या अवधीत तीन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,४०१, डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,३०४ आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ६,६०९ रोगी होते. रोग वाढण्याचा व त्यातून येणाऱ्या मृत्यूंचा एकत्रित धोका त्या त्या चाचणीत अनुक्रमे ३०, ३९ आणि २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि शेवटच्या दोन चाचण्यांत तर मधुमेह नसलेल्या रोग्यांसही तो लाभ मिळाला. पहिल्या दोन चाचण्यांत भारतातील रोगीही सहभागी होते, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरली पाहिजे.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चात संपुष्टात आले. तदनंतर अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात येऊन किंमत सामान्यांच्या आटोक्यात आली. म्हणजे लंडन-बोस्टनच्या रोग्यास जे संरक्षण मिळते, तेच मुरुडच्या बाजारपेठेतील औषधाच्या दुकानातून मिळू शकेल, अशी स्थिती आज प्रथमच निर्माण झाली आहे. ही औषधे अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेण्याची नव्हेत. गरोदरपणात ती वर्ज्य असतात, आणि उलटी-जुलाब वा कडक उपवासाने शरीरातले पाणी आटले असता ती तात्पुरती थांबवावी लागतात.

रोग्याची सनद

संशोधनाचा लाभ सांगताना ज्यांच्या देहावर ते संशोधन होते, त्यांच्या रक्षणाचा विचार दृष्टीआड करता येत नाही. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट दाहावर स्टेरॉइड उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी चीन, भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या देशांत मिळून एक चाचणी चालली होती. औषध घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग व त्यामुळे मृत्यू दिसू लागताच, २०१५ साली नव्या रोग्यांची भरती थांबवण्यात आली. पुढे औषधाची मात्रा उतरवून, संसर्गाविरुद्ध प्रतिबंधक औषध जोडून, चाचणी पुन्हा सुरू झाली, आणि २०२२ साली कमी मात्रेतही लाभ होतो असा निष्कर्ष हाती आला. संशोधकाने स्वतःच्या उत्साहाला वेळीच लगाम घालणे हेच येथे विज्ञानाच्या कामी आले.

आपल्या देशात अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ साली उघडण्यात आली आणि २००९ पासून तीत नोंद सक्तीची झाली. रोग्यांच्या अज्ञानाचा गैरफायदा घेतला जातो, या तक्रारीवर स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या प्रकरणातून संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूद पुढे आली. २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीची नोंदणी, इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि नुकसानभरपाई यांची व्यवस्था सविस्तर घालून दिली आहे. कायद्याचा मजकूर उत्तम आहे. परंतु संमतीपत्र ज्या दिवशी अंगठा उठवणाऱ्या आजीला तिच्या बोलीत, घाई न करता, वाचून दाखवले जाईल, आणि ‘नाही’ म्हटल्यानेही उपचारात काडीचा फरक पडणार नाही याची तिला खातरी पटेल, त्याच दिवशी ती सनद खऱ्या अर्थाने अमलात आली असे म्हणता येईल.

ऊन, ऊस आणि विष

भारतातील जुनाट मूत्रपिंडरोगाच्या नोंदवहीत ५२,२७३ रोग्यांचा अभ्यास होऊन २०१२ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानुसार ३१ टक्के रोग्यांत मधुमेह हे कारण होते. परंतु १६ टक्के रोग्यांत कारणाचा थांगच लागला नाही. मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे, आणि महाडसारख्या गावी राहून विंचूदंशावर जगन्मान्य संशोधन केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाराष्ट्रातील एका लहानशा खेड्यात पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि मूत्रपिंडाचा रोग यांचा संबंध दाखवणारा निबंध २०१० साली प्रसिद्ध केला. मोठ्या प्रयोगशाळेवाचूनही डोळस वैद्य संशोधन करू शकतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊस तोडणारे धट्टेकट्टे तरुण मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले, आणि वारंवार होणारा उष्णतेचा व निर्जलतेचा आघात हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाऊ लागले. निकाराग्वातील एका साखर कारखान्याने तोडणी कामगारांना ठरावीक विश्रांती, सावली आणि पाणी देण्याची शिस्त लावली, तेव्हा एका हंगामात होणारी मूत्रपिंडाची इजा लक्षणीय घटल्याचे संशोधकांना आढळले. मराठवाड्यातून दसऱ्यानंतर गाव सोडणाऱ्या तोडणी मजुरांच्या जोड्या, ज्यांना आपण ‘कोयता’ म्हणतो, टनावर मजुरी घेतात. विश्रांतीचा प्रत्येक क्षण त्यांच्या उचलीच्या फेडीतून वजा होतो, आणि फडात आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया जाणूनबुजून पाणी कमी पितात. आमची तोडणी बव्हंशी हिवाळ्यात होते हे खरे. परंतु फेब्रुवारी उलटल्यावरचे ऊन कोणावर दया करीत नाही. त्यातच अंगदुखीवर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी, पाणी आटलेल्या देहात मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघड्या ठेवणारी रसायनेच थोपवते, आणि श्रमाने जे अर्धवट घडते ते औषध पूर्ण करते.

याच शेतांत घोणस आहे. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मूत्रपिंडे बंद पडतात, आणि प्रतिविष जितके लवकर मिळेल तितकी ती वाचण्याची आशा अधिक. ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसला, त्याने आणखीही एक गोष्ट जाणून घ्यावी. ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडले गेले की त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडात अडकून ती निकामी होतात, हे १९४१ साली लंडनवरील बॉम्बवर्षावात प्रथम स्पष्ट झाले. १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात अशा ६३९ रोग्यांची नोंद होऊन त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. माणूस ढिगाऱ्याबाहेर काढण्याआधीच त्याला सलाइन सुरू करावे, हा त्या संशोधनाचा निर्णय आहे. फडातला मजूर असो वा ढिगाऱ्याखालचा गावकरी, वेळेवर दिलेले पाणी हेच मूत्रपिंडाचे पहिले औषध ठरते.

निर्णय

शासनाने या रोगाकडे पाठ फिरवलेली नाही. २ जुलै २०१२ रोजी जी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात सुरू झाली, तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने सर्व राज्यात चालते आणि डायलिसिसचा खर्च उचलते. २०१६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर करताना देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रोग्यांची भर पडते आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी बैठका अधिक लागतात, असा हिशेब मांडला गेला. हा हिशेब कितीही यंत्रे आणली तरी पुरा होण्याजोगा नाही. म्हणून तिजोरीचा आणि श्रमाचा ओघ उलट दिशेने, म्हणजे शेवटाकडून आरंभाकडे, वळवला पाहिजे. मूत्रातील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या मुरुडसारख्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या रोग्यास वर्षातून एकदा मिळाव्यात. आणि लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे हंगामाच्या आरंभी व अखेरीस तपासून त्या नोंदी प्रसिद्ध कराव्यात.

वाचकांस विनंती एवढीच की, घरात चाळिशी ओलांडलेला मधुमेही किंवा रक्तदाबाचा रोगी असेल, तर ही दिवाळी सरण्यापूर्वी त्याच्या या दोन तपासण्या करून घ्याव्यात, अंगदुखीची गोळी डॉक्टरांस विचारल्याखेरीज त्याला देऊ नये, आणि उद्या एखाद्या संशोधनात भाग घेण्याची विचारणा झालीच, तर सर्व प्रश्नांची उत्तरे घेऊन मगच सही करावी.