चिनी शिकायची, तर मराठीतून

नृसिंहवाडीच्या विद्यार्थ्याला चिनी शिकायची, तर एके काळी पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आज कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी राहूनही मोबाइलवर बीजिंगच्या शिक्षकाचा तास ऐकता येतो, अक्षराची रेघ कुठून सुरू होते ते पाहता येते, आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून पडताळता येतो. अंतर मिटले, तरी एक अडसर उरलाच आहे. हे बहुतेक धडे इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी रचलेले असतात. मराठी माध्यमातल्या मुलाला ते दुहेरी ओझे होते, आणि मातृभाषेने त्याला आधीच दिलेले बरेच काही वापराविना पडून राहते.

उच्चारांचेच पाहा. चीनने १९५८मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत 'बी' अक्षराचा उच्चार आपल्या 'प'सारखा, तर 'पी'चा ओठ मिटून काढलेल्या 'फ'सारखा होतो. 'डी' आणि 'टी' म्हणजे साधारणपणे 'त' आणि 'थ'. 'झेड' हा 'चाक'मधल्या 'च'च्या जवळचा. अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठी मूल मुळाक्षरांबरोबरच शिकते. सर्वनामांतही असेच साम्य आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे, आपल्या 'आपण'सारखे वेगळे सर्वनाम इंग्रजीत नाही. उत्तरेकडच्या चिनी बोलण्यात ते आहे. चार सूर आणि हजारो अक्षरे मात्र नव्यानेच शिकावी लागतात. त्यासाठी चूक तिथल्या तिथे सुधारणारा शिक्षक हवाच, मग तो पडद्यावर का असेना.

संस्कृतीचे धडेही सण, चहा आणि कंदील यांपाशी थांबू नयेत. पुलकेशी दुसऱ्याच्या काळातल्या महाराष्ट्राचे वर्णन चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने सातव्या शतकात चिनीत लिहून ठेवले. फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट यांनी पाली बौद्ध ग्रंथांचा चिनी अनुवादांशी तौलनिक अभ्यास केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच रुग्णसेवा व अध्यापन करत राहिले. या वाटेने गेलेल्या मराठी मुलाला चीन परका वाटणार नाही.

मराठीत साहित्य नाही आणि शिक्षक मोजके, हा आक्षेप खरा आहे. पण संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने रचण्याची गरज नाही. उच्चारांचा देवनागरी तक्ता, छोटे व्याकरण आणि त्यांना जोडलेल्या ध्वनिफिती एवढ्यानेही सुरुवात होते. पुढे उपलब्ध धडे वापरता येतात. यंत्र भाषांतर करते, मग शिकायचे कशाला, असे कोणी विचारेल. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांना चिनीच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी गाठावी लागते, असे भारतीय दूतावासाने २०२२मध्ये बजावले होते. रुग्णाशी बोलताना डॉक्टरला स्वतःलाच भाषा समजावी लागते. यंत्रावर विसंबून उपचार करता येत नाहीत.

तिसरा आक्षेप सीमेवरच्या तणावाचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात चिनीचा उल्लेख होता. २०२०च्या अंतिम धोरणातल्या परदेशी भाषांच्या यादीत तो नाही. पण ज्या शेजाऱ्याशी तंटा आहे आणि व्यापारही मोठा आहे, त्याचे म्हणणे नेहमी तिसऱ्याच्या तोंडून ऐकणे आपल्याच तोट्याचे आहे. त्याची भाषा जाणणारी माणसे आपल्या गावांतूनही घडली पाहिजेत. विद्यापीठांच्या भाषा विभागांनी मराठीतून असे प्राथमिक धडे तयार करून सर्वांसाठी मोफत खुले करावेत. वाडीतल्या मुलाची जिद्द त्याच्यापाशी आहेच. त्याच्या भाषेतला पहिला धडा पुरवणे ही आपली जबाबदारी आहे.