विलायतेतली सायकल : बिल कोणाच्या नावावर?

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली आज इंग्लंडात आहेत आणि त्यांतली काही तिथे ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून काम करतात. कंत्राटदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खडी, डांबर आणि पीडब्ल्यूडीची अडकलेली बिले येतात. तिथे मात्र संगणकाचे किंवा इंजिनिअरिंगचे काम सहा-सहा महिन्यांच्या करारावर करणारा, बहुधा स्वतःची एकट्याची लिमिटेड कंपनी काढून बसलेला माणूसही कॉन्ट्रॅक्टरच. अशांपैकी बरेच जण ऑफिसला सायकलने जातात. चांगली सायकल, हेल्मेट, दिवे, कुलूप मिळून हजार-बाराशे पौंड सहज होतात. मग करातून काही सुटते का, हा प्रश्न घरी फोनवर निघतो आणि आम्ही बँकेत आयुष्य काढलेले असल्याने फिरत फिरत आमच्याकडे येतो.

सुटते, आणि बऱ्यापैकी सुटते. पण सायकल कोणाच्या मालकीची, हे कार्ड घासण्याआधी ठरवावे लागते. दोन वाटा आहेत आणि एकाच सायकलीवर दोन्ही चालत नाहीत.

पहिली वाट कंपनीच्या मालकीची. १९९९ साली तिथल्या सरकारने कामावर सायकलने जाणाऱ्यांसाठी एक सवलत आणली. लोक तिला ‘सायकल टू वर्क’ म्हणतात. आज ती २००३ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २४४ मध्ये आहे. मालकाने नोकराला सायकल आणि सुरक्षेचे सामान वापरायला दिले, तर त्या सोयीवर नोकराला कर नाही. अटी तीनच. सोय सर्व नोकरांना खुली हवी. सायकलीचा निम्म्याहून जास्त वापर घर ते काम किंवा कामाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यासाठी हवा. आणि या काळात मालकी नोकराकडे जाता कामा नये. एकट्याच्या कंपनीत संचालक हाच नोकर, त्यामुळे पहिली अट आपोआप पुरी होते. रविवारी टेम्सच्या काठाने फेरी मारायला हरकत नाही, मैलांची वही ठेवायचीही गरज नाही. मात्र आठवड्यातून एकदाच ऑफिसला आणि बाकी सारी हौस, असे असेल तर सवलत टिकत नाही. घरून काम करणाऱ्यांना कोविडकाळात या अटीतून मिळालेली सूट एप्रिल २०२२ मध्ये संपली.

यात पैसे किती वाचतात ते मांडून पाहू. सायकल १,२०० पौंडांची, कंपनी व्हॅटमध्ये नोंदलेली नाही आणि नफा ५०,००० पौंडांच्या आत, म्हणजे कंपनी-कर १९ टक्के. कंपनीने सायकल घेतली की १,२०० पौंड नफ्यातून पहिल्याच वर्षी पूर्ण वजा होतात. आता हीच सायकल मुलाने स्वतःच्या खिशातून घेतली असे धरा. खिशात पैसा यायचा तो लाभांशातून. लाभांशावर एप्रिल २०२६ पासून पायरीच्या तळाशी १०.७५ टक्के कर आहे. हातात १,२०० यायला सुमारे १,३४५ पौंड लाभांश काढावा लागतो आणि तेवढा लाभांश द्यायला कंपनीला करापूर्वीचा सुमारे १,६६० पौंड नफा लागतो. एकीकडे १,२००, दुसरीकडे १,६६०. वरच्या पायरीवर कर भरणाऱ्याला हा फरक आणखी मोठा.

आमच्या मते चूक होते ती बिलात. दुकानात बिल स्वतःच्या नावाने, पैसे स्वतःच्या कार्डाने, आणि महिन्याअखेर कंपनीकडून वसूल, असे केले तर सायकल मुलाचीच ठरते आणि कंपनीने दिलेली रक्कम त्याचा पगार ठरून तिच्यावर कर व नॅशनल इन्शुरन्स लागतो. बिल कंपनीच्या नावाने आणि पैसे कंपनीच्या खात्यातून, एवढे पाळले की पुरे. आमच्या कौंटरवर धनादेशावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नसेल तर आम्ही परत करत असू, त्यातलाच हा प्रकार.

आणि सायकल कंपनीची म्हणजे कंपनीचीच. ती विकली तर पैसे कंपनीच्या खात्यात जायला हवेत. मुलाला ती स्वतःची करून घ्यायची असेल तर त्या दिवशीची वाजवी किंमत कंपनीला द्यावी लागते, नाहीतर फरकावर कर. वाजवी किंमत किती यावर वाद नको म्हणून करखात्याने तक्ता दिला आहे. ५०० पौंडांच्या वरच्या सायकलीसाठी एक वर्षाने मूळ किमतीच्या २५ टक्के, दोन वर्षांनी १७, तीन वर्षांनी १२, चार वर्षांनी ७, पाच वर्षांनी २ टक्के, आणि सहा वर्षांनी नगण्य. म्हणजे आपल्या १,२०० च्या सायकलीचे वर्षाने ३०० पौंड, पाच वर्षांनी २४. घाई नसेल तर कंपनीकडेच राहू द्यावी, असे आम्ही सांगतो.

दुसरी वाट स्वतःच्या मालकीची. इथे कंपनी मैलामागे २० पेन्स देऊ शकते. ते घेणाऱ्याला करमुक्त आणि कंपनीला खर्च. रोज जाऊन-येऊन दहा मैल, वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे २,००० मैल आणि ४०० पौंड. तीन वर्षांत सायकल फुकट! पण हे पैसे घर ते नेहमीचे ऑफिस या प्रवासाला मिळत नाहीत, कामासाठीच्या प्रवासालाच मिळतात. कॉन्ट्रॅक्टरला ते मिळू शकतात ते ग्राहकाची जागा ‘तात्पुरती’ मानली जाते म्हणून, आणि तात्पुरती म्हणजे २४ महिन्यांच्या आत. कामाचा ४० टक्के किंवा जास्त वेळ एकाच जागी जात असेल तर ही मर्यादा लागू होते. मुले २४ महिने पूर्ण होईपर्यंत पैसे घेत राहतात, तसे नाही. काम २४ महिन्यांपुढे जाणार हे ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून जागा कायमची ठरते. अठराव्या महिन्यात आणखी वर्षभराचा करार झाला तर मैलाचे पैसे अठराव्या महिन्यातच थांबले. ग्राहकाने शेजारच्या इमारतीत बसवले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

कंपनीच्या सायकलीवर २० पेन्स मिळत नाहीत. म्हणून छोटे-छोटे करार, वेगवेगळे ग्राहक आणि लांबचा रस्ता असेल तर आम्ही दुसरी वाट सुचवतो. एकाच ग्राहकाकडे वर्षानुवर्षे जायचे असेल तर पहिलीच बरी.

हे सारे ‘आयआर ३५’ च्या बाहेर असलेल्यांसाठी. हा नियम नावापुरत्या कॉन्ट्रॅक्टरला नोकर मानतो. त्यात सापडले की पैसे कंपनीत येण्याआधीच पगारासारखा कर कापला जातो, मग कंपनीच्या नावाने सायकल घेऊन वाचवायला फारसे उरत नाही, आणि घर-ऑफिसच्या मैलांचे करमुक्त पैसेही सहसा मिळत नाहीत. स्वतःची कंपनी नसून अंब्रेला कंपनीमार्फत काम करणारा मात्र तिचा नोकर असतो. त्या कंपनीने योजना ठेवली असेल तर सायकलीचे हप्ते पगारातून कर लागण्याआधी कापता येतात आणि कर व नॅशनल इन्शुरन्स धरून साधारण २८ टक्के, वरच्या पायरीला ४२ टक्के सुटतात. (स्कॉटलंडचे दर वेगळे.) दोन गोष्टी पाहाव्या. कपातीनंतर पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये. आणि करार मध्येच संपला तर उरलेले हप्ते बहुधा शेवटच्या पगारातून एकदम कापतात, तेही कर भरून झालेल्या पैशांतून. सहा महिन्यांच्या कामावर असलेल्याने बारा महिन्यांच्या हप्त्यांवर सही करण्याआधी हे वाचावे.

कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्याला कलम २४४ चा उपयोग नाही, कारण तो कोणाचाच नोकर नाही. सायकल ग्राहकांकडे जाण्या-येण्यात जितकी वापरली, तेवढ्या प्रमाणात तिची किंमत धंद्याच्या खर्चात दाखवायची, एवढेच त्याच्या हाती.

आपल्याकडे प्राप्तिकरात सायकलीसाठी अशी खास सवलत नाही. सरकारी नोकरांना पूर्वी बिनव्याजी सायकल ॲडव्हान्स मिळे, तो सातव्या वेतन आयोगानंतर बंद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा.