मुंग्यांपासून चौकोनांपर्यंत

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद एका गणिती कल्पनेसाठी अनुदान मागत होते. कल्पना फारच साधी आहे म्हणून अर्ज फेटाळला गेला. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांना सोबत घेऊन त्यांनी काम तडीस नेलं, १९७४मध्ये निबंध छापला. पुढे डिजिटल टीव्ही उभा राहिला तो या गणितावर. अहमद यांचं नाव आपल्याकडे क्वचितच कुणी घेतं, याचं वाईट वाटतं.

चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातलं ठळक आणि बारीक वेगळं करायचं, डोळ्याला जाणवत नाही ते गाळायचं. कच्च्या डिजिटल चित्राला सेकंदाला २७ कोटी बिट लागतात. असं गाळून, शिवाय लागोपाठच्या चित्रांतला फक्त बदल पाठवून, तीस-चाळीस लाखांत भागतं. एका वाहिनीच्या जागेत दहा-बारा मावू लागल्या त्या यामुळे.

पनवेलकरांनी डिजिटलच्या आधीचा काळ गच्चीवर काढला. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड केलेला अँटेना एकाने फिरवायचा, दुसऱ्याने खालून ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ मग केबल आली. वायरमध्ये सिग्नल क्षीण होतो म्हणून वाटेत ॲम्प्लिफायर लावत. तो चित्राबरोबर खरखरही वाढवायचा. गल्लीच्या टोकाच्या घरी मुंग्या जास्त दिसायच्या त्या म्हणूनच. डिजिटलमध्ये शून्य की एक, एवढंच ओळखायचं असतं. ते ओळखता येतं तोवर शेवटच्या घरीही चित्र स्वच्छ. नाही आलं की पडदा थिजतो आणि चौकोन विखुरतात.

केबल डिजिटल करण्याच्या सरकारी सक्तीमागे मात्र चित्रापेक्षा हिशेबाचा वाटा मोठा होता. ॲनालॉग वायरीला किती घरं जोडलीत, ते केबलवालाच जाणे. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला की प्रत्येक जोडणी मोजता येते. २०११च्या कायदादुरुस्तीनंतर, मुदती लांबत लांबत, मुंबईची पाळी ३१ ऑक्टोबर २०१२ला आली, नवी मुंबईची ३१ मार्च २०१३ला. तेव्हाचं नगरपालिकेचं पनवेल तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ची मुदत. आसपासच्या खेड्यांना ३१ मार्च २०१७.

पूर्वी गल्लीतला केबलवाला गच्चीवर स्वतःच्या छत्र्या लावायचा, कुठली वाहिनी कुठल्या नंबरवर ते ठरवायचा. आता सिग्नल मोठ्या कंपनीकडून कुलूपबंद येतो. वायर ओढणं, दुरुस्ती आणि वसुली एवढंच त्याच्याकडे उरलं. स्वतःच्या पैशाने त्याने उभी केलेली कंट्रोल रूम रद्दी झाली. टप्पे आखताना त्या भांडवलाची भरपाई धरायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.