सांबराचा कॉल, फोर्कलिफ्टची पीप

नागझिऱ्यात गाइड जिप्सीचं इंजिन बंद करायला लावतो, ते बघण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी जास्त. चितळ ओरडलं की तो नुसती मान वळवतो. चितळ घाबरट, पाचोळा सळसळला तरी कुकारतं. झाडावरचं वानर खाली बघत 'खॅक्-खॅक्' करू लागलं तर खबर जरा पक्की. पण सांबराने 'ढांक' असा कॉल दिला की चालकाचा हात लगेच चावीकडे जातो. सांबर उगाच बोलत नाही, अशी त्याची जंगलात पत आहे.

इशाऱ्याला पत लागते. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर कोणता अलार्म, कोणता दिवा लावावा याचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी कॅटलॉगमधल्या डेसिबलच्या आकड्यावर संपतो.

नागझिऱ्याजवळच गोंदियाच्या राइस मिल आहेत. मिलमध्ये धानाच्या कट्ट्यांना अजून हमालांची पाठ लागते. पण माल पॅलेटवर आला की फोर्कलिफ्ट येतं, आणि हमाल व यंत्र एकाच फरशीवर वावरू लागतात. हे यंत्र दिसतं त्याहून घातकी. तीन टन उचलणारं फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या पुढे भरतं, कारण मागे लोखंडाचा भलामोठा ठोकळा असतो. वळतं ते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि बाजूला उभ्या माणसाला कठड्याशी चेपतो. समोर थप्पी उंच असली की चालकाला पुढचं दिसत नाही, म्हणून तो रिव्हर्समध्येच चालवतो. म्हणजे रिव्हर्सची 'पीप-पीप' दिवसभर चालू.

ही पीप जपानमधल्या मात्सुसाबुरो यामागुची यांची देणगी. त्यांच्या कंपनीने १९६३ साली असा अलार्म पहिल्यांदा बाजारात आणला. आवाज साधारण ९७ ते ११२ डेसिबल, सूर एकच, हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपास. मोकळ्या मैदानात तो चालून जातो. पत्र्याच्या गोदामात मात्र एकसुरी आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी येतो. यंत्र डावीकडे आहे की मागे, ते कळत नाही. दोन फोर्कलिफ्ट असली तर विचारूच नका.

पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५५ साली 'नेचर'मध्ये मांडलेलं निरीक्षण इथे कामाला येतं. डोक्यावर ससाणा दिसला की लहान पक्षी बारीक, लांबट, एकसुरी शीळ घालतात. ती कुठून आली हे शोधणं अवघड. बसलेल्या घुबडावर सगळ्यांना गोळा करायचं असेल तेव्हा मात्र त्यांचा आवाज तुटक आणि खरखरीत होतो, कारण तेव्हा ठिकाण कळायला हवं असतं. आपण फोर्कलिफ्टला नेमकी लपणाऱ्या पक्ष्याची शीळ देऊन बसलो आहोत!

त्यावर उपाय आहे. 'ब्रॉडबँड' अलार्म पीप करत नाही, 'खर्र-खर्र' करतो. अनेक कंप्रतांचा आवाज एकत्र असल्याने कानाला दिशा पटकन सापडते आणि धोक्याच्या पट्ट्याबाहेर तो लवकर विरतो. काही अलार्म भोवतालचा गोंगाट मोजून त्याहून थोडेच वर राहतात. मिलमधल्या हलर आणि पॉलिशर यंत्रांच्या घरघरीत हे उपयोगी पडतं. पण परीक्षा ऑफिसात घेऊ नये. कानात प्लग घालून, हमाल उभा राहतो तिथेच उभं राहून ऐकावं.

दिव्यांचंही तसंच. निळा 'ब्लू स्पॉट' यंत्राच्या काही मीटर पुढे किंवा मागे जमिनीवर ठिपका टाकतो. थप्प्यांच्या कोपऱ्यावर यंत्राआधी तो दिसतो, हा त्याचा मोठा गुण. बाजूच्या लाल रेषा मागच्या भागाच्या फटकाऱ्यापासून दूर राहायला सांगतात. पण भर उन्हातल्या यार्डात हा ठिपका दिसतच नाही आणि कोंड्याची धूळ बसलेली काच रोज पुसावी लागते. लुकलुकणारा स्ट्रोब बाहेर बरा; बंद जागेत तो डोळे दिपवतो.

तरीही हे सगळं दुय्यम. जंगलातल्या रस्त्यांचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ गेला. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत नुसत्या पाट्यांवर भागवलं नाही. पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ बांधकामं केली, सर्वांत लांब ७५० मीटरचं. वर गाड्या, खाली जनावरं. गोदामातही आधी पायवाट वेगळी, मध्ये लोखंडी कठडा, वेगाला लगाम आणि नंतर अलार्म, असाच क्रम हवा. अलार्मचं म्हणाल, तर अमेरिकेत कामगार-सुरक्षेचे 'ओशा'चे नियम प्रत्येक फोर्कलिफ्टला रिव्हर्स अलार्म सक्तीचा करत नाहीत. मूळचा असलेला मात्र काढू देत नाहीत.

काढायची गरजही पडत नाही म्हणा. बझरच्या तोंडावर चिकटपट्टी लावली की काम भागतं. अशी पट्टी दिसली तर चालकाला मेमो देण्याआधी सुपरवायझरने एक अख्खी पाळी त्याच्या शेजारी काढावी, आणि त्या पाळीत पीप ऐकून किती जणांनी मान वळवली ते मोजावं.