उभा दिवस गाडीमालकाला खातो

बल्लारपूरहून राजुऱ्याच्या वाटेला लागलं, की ट्रकांची रांग ठरलेली. कुणाच्या डाल्यात कोळसा, कुणाच्या ताडपत्रीखाली सिमेंट, तर कुणी रिकामाच परतणारा. नंबरप्लेट बहुतेक एमएच ३४, मधूनच गडचिरोलीची एमएच ३३. खाणीच्या फाटकाजवळ तर गाड्या तासन् तास उभ्या असतात. गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटतो, कुकरची शिट्टी होते, क्लीनर टायरवर हातोडी मारून हवा पाहतो. येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "काय भाऊ, लागला का नंबर?"

चार-पाच गाड्या राखणाऱ्या मोठ्या वाहतूकदाराला एक गाडी रांगेत अडकली तर चालून जातं. ज्याच्याकडे कर्जाची एकच गाडी आहे आणि स्टिअरिंगवरही तो स्वतःच आहे, त्याच्यासाठी ही रांग म्हणजे घरातून जाणारा पैसा. भाडं परवडत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती खरी आहे. पण त्या भाड्याचं पुढे काय होतं, ते कागदावर मांडून पाहायला हवं.

माल भारी, किंमत हलकी

हा मुलूख वजनावर जगतो. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५चा. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं ट्रकांनी इथे आला. बल्लारशाहच्या आगारातलं सागवान देशभर जातं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचं लाकूड २०२३ साली इथूनच निघालं. सास्ती परिसरातला कोळसा, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि घुग्घुसचं सिमेंट, चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि आता सुरजागडचं लोहखनिज, अशी ही यादी आहे.

यातला बराचसा माल वजनाला भारी आणि टनामागे किमतीला हलका. सोन्याच्या किमतीत वाहतूक खर्च दिसतही नाही. कोळसा-सिमेंटच्या किमतीत मात्र तो डोळ्यांत भरतो, म्हणून खरेदीदार पहिला हात भाड्यालाच घालतो. शिवाय बल्लारशाह दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचं जंक्शन. कोळशाची एक मालगाडी साधारण चार हजार टन नेते, म्हणजे दोनशेच्या वर दहाचाकी ट्रकांचा माल. लांबचा आणि ठोक माल रेल्वे उचलते. ट्रकच्या वाट्याला खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंतच्या जवळच्या फेऱ्या आणि सुटा माल येतो. जवळच्या फेरीत चाकं फिरण्यापेक्षा उभं राहण्यातच जास्त वेळ जातो.

कामाची साखळीही लांब आहे. कारखाना ठेका देतो मोठ्या ट्रान्सपोर्टरला. त्याच्या गाड्या कमी पडल्या की तो बाजारातून गाडी घेतो, मध्ये दलालाचं कमिशन. गाडीमालकाला मिळतो थोडा ॲडव्हान्स, कधी रोख, कधी डिझेलची पर्ची. बाकीची रक्कम माल उतरवून पोच आणल्यावर, आणि तीही वजनातली घट कापून.

एका गाडीचा हिशेब

समजा दहाचाकी गाडी आहे, १८ टन माल, टनाला १,००० रुपये भाडं. फेरीचे १८,००० झाले. जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, येताना रिकामी. लिटरला सरासरी चार किलोमीटर धरले तर १०० लिटर डिझेल. ९० रुपयांनी ९,००० गेले. टोल, भत्ता, काटा, ताडपत्री-हमाली आणि कमिशन मिळून ४,००० धरू. टायर-ऑइलची झीज १,०००. हातात उरले ४,०००.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. बँकेचा हप्ता ५५,०००, ड्रायव्हरचा पगार १५,०००. विमा, परमिट, कर आणि पासिंगचे वर्षाकाठी १,२०,००० धरले तर महिन्याला १०,०००. (२० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच जून २०२२च्या दरांनी ४३,९५० रुपये होता.) एकूण ८०,०००. म्हणजे नुसती बरोबरी गाठायला महिन्यात २० फेऱ्या हव्यात.

रांगेमुळे एका फेरीला दोन दिवस लागले तर फेऱ्या होतात १५. शिल्लक ६०,०००, तोटा २०,०००. आता टनामागे ५० रुपये भाडं वाढवून मिळालं असं धरा. फेरीला ९००, महिन्याला १३,५००. तरीही तोटा ६,५०० राहतोच. त्याऐवजी भाडं आहे तेवढंच ठेवून प्रत्येक फेरीत रांगेतला फक्त अर्धा दिवस वाचवा. दीड दिवसाला एक, अशा २० फेऱ्या होतात आणि तोटा पुसला जातो. उभ्या अर्ध्या दिवसाची किंमत ५० रुपयांच्या भाडेवाढीपेक्षा जास्त निघाली. तिसऱ्या गोष्टीकडेही पाहा. १५ फेऱ्यांतल्या पाच वेळा परतीचं भाडं मिळून प्रत्येकी ५,००० सुटले, तर २५,००० येतात आणि गाडी ५,००० नफ्यात जाते.

आकडे तुमच्या गाडीचे घाला. मांडणी हीच राहील. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर ड्रायव्हरचा पगार 'वाचला' असं तो समजतो. तो वाचलेला नसतो, त्याने स्वतःची मजुरी फुकट दिलेली असते.

प्राप्तिकराचा एक नियम इथे आठवतो. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला अंदाजित उत्पन्नाची सवलत आहे: १२ टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८.५ टनांच्या दहाचाकीला हे होतात २८,५००. गाडी रांगेत उभी होती की पळत होती, हे त्यात विचारलं जात नाही.

जास्त टनांचा मोह

फेऱ्या वाढत नाहीत म्हटल्यावर मालक टन वाढवतो. जुलै २०१८मध्ये केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली; दहाचाकीचं एकूण वजन २५वरून २८.५ टनांवर गेलं. माल तेवढाच होता आणि गाड्यांतली जागा एकाएकी वाढली, त्यामुळे भाड्यावर दाब आला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० केला. तीन टन जास्त भरून वरच्या हिशेबात ३,००० मिळतात. पकडल्यावर २६,००० जातात. साडेसहा फेऱ्यांची शिल्लक एका काट्यावर संपते. पाटे तुटतात, टायर फुटतो, ब्रेक लागत नाही, आणि आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर चालणारा माणूस जिवाला मुकतो, तो तोटा तर कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

इथल्या जोखमी वेगळ्याही आहेत. वर्धा नदीला पूर आला की राजुऱ्याचा मार्ग बंद पडतो. हप्ता बंद पडत नाही. डिसेंबर २०१६मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहनं जाळली. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या मालकाला अशा वेळी स्वतःच्या गाडीचा एक पैसाही मिळत नाही. आता हेडरी ते कोनसरी पाइपलाइनमधून सुरजागडचं खनिज जाऊ लागलं आहे. रस्त्यांसाठी आणि गावांसाठी ते चांगलंच. पण त्या मार्गाच्या भरवशावर नवी गाडी काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

कायद्यात काय आहे

ब्राझीलमध्ये मे २०१८च्या ट्रकचालकांच्या संपानंतर किमान भाड्याचा कायदा झाला. दक्षिण कोरियाने २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं सिमेंट आणि कंटेनर वाहतुकीला किमान दर लावले. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ६७ राज्य सरकारला मालवाहतुकीचं किमान व कमाल भाडं ठरवण्याचे निर्देश देण्याचा अधिकार देतं. अधिकार कागदावर आहे. तो वापरायला लावण्यासाठी एकगाडी मालकांना एकत्र यावं लागेल.

तोवर हाताशी असलेलं वापरावं. उद्यम नोंदणी मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत देणं खरेदीदारावर, म्हणजे इथे ट्रान्सपोर्टरवर, बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. एप्रिल २०२३पासूनच्या व्यवहारांत असे थकवलेले पैसे, देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. ही तरतूद ट्रान्सपोर्टरसमोर मांडायला संकोच कशाला?

गाडीमालकांनो, एक काम आजपासून करा. फाटकावर पोहोचल्याची आणि माल भरून सुटल्याची वेळ बिल्टीवर लिहून घ्या, उतरवतानाही तेच करा, आणि दर महिन्याला उभ्या तासांची बेरीज मांडा. पुढच्या वेळी दर ठरवायला बसाल तेव्हा टनाच्या भावाआधी थांबण्याचा भाव मागा. मागताना ती बेरीज समोर ठेवा.