पार्टी कशी आहे?

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या आमच्या जुन्या शाखेतलं परदेशी व्यवहारांचं टेबल उठलं. निर्यातीचे कागद आता स्कॅन होऊन मुंबईला जातात. टेबलामागचं लोखंडी कपाट रिकामं केलं, त्यातल्या परदेशी ग्राहकांच्या चौकशीच्या फायली यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले आणि ते रद्दीवाल्याला दिले. नियमाने बरोबरच आहे, मुदत संपलेले कागद ठेवायचे नसतात. पण मी त्या टेबलावर तेवीस वर्षं काढली, आणि हे ऐकल्यापासून मनाला चैन नाही.

मी तिथे बसलो १९८६ साली. पहिली तेरा-चौदा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. परकीय चलनाचा फेरा कायदा, निर्यातीच्या जी.आर. फॉर्मच्या प्रती, सहा महिन्यांत डॉलर आले नाहीत की रिझर्व्ह बँकेला कळवायचं. सोव्हिएत रशियाशी रुपयांत व्यापार चाले, आणि १९९१ संपता संपता तो देशच उरला नाही. सरकारला काळजी परकीय चलनाची. माल घेणारा कोण, कसा, हे कोणी विचारत नसे. १ जून २००० पासून फेरा जाऊन त्याच्या जागी फेमा कायदा आला, आणि पुढची नऊ वर्षं मात्र मला कालच्यासारखी आठवतात.

सोलापूरच्या टॉवेलला तेव्हा चांगली मागणी होती. आठवड्यातून दोन-तीन कारखानदार हातात फॅक्सची गुंडाळी घेऊन यायचे आणि खुर्ची ओढायच्या आधीच विचारायचे, “साहेब, पार्टी कशी आहे?” एक कंटेनर म्हणजे त्या माणसाचं चार महिन्यांचं सूत, विणकरांची मजुरी आणि बहुतेकदा घरातलं सोनं. एल.सी., म्हणजे बँकेची पैशांची हमी, मागावी तर गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. माल जायचा तो उधारीवर.

चौकशीचे दोन रस्ते होते. एक ईसीजीसी, १९५७ मध्ये सुरू झालेली सरकारी पतविमा कंपनी. ती प्रत्येक परदेशी ग्राहकाची माहिती काढून त्याच्यावर किती उधारीचा विमा द्यायचा ते ठरवते. दुसरा रस्ता बँकेने बँकेला विचारायचा. इंग्लंडच्या बँकांची उत्तरं दीड ओळीची, पण ती वाचायला शिकावं लागे. ‘अनडाउटेड’ आलं तर डोळे मिटून माल पाठवा. ‘शुड प्रूव्ह गुड फॉर युवर फिगर्स’ म्हणजे बरी आहे, जपून. ‘अनेबल टु स्पीक फॉर युवर फिगर्स’ आलं की कारखानदाराला चहा पाजायचा आणि सांगायचं, नको. कोणावर आरोप नाही, पण जाणणाऱ्याला सगळं कळतं.

२००३ च्या पावसाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक कारखानदार रॉटरडॅमच्या पार्टीचा फॅक्स घेऊन आले. पहिलीच ऑर्डर आणि दोन कंटेनर. भावात एका सेंटची घासाघीस नाही. पैसे डी.ए. नव्वद दिवसांनी, म्हणजे हुंडीवर सही केली की माल त्याच्या ताब्यात, पैसे तीन महिन्यांनी. लेटरहेड देखणं होतं. कागदाच्या माथ्यावर फॅक्सचं यंत्र एक बारीक ओळ आपोआप छापतं, ती मी वाचली. हॉलंडचा नंबर ३१ ने सुरू व्हायला हवा. तिथे ४४ होतं, इंग्लंडचं. तेवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, म्हणून लेटरहेडवरच्या बँकेला स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशाने, विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, या नावाचं खातं आमच्याकडे नाही. मी म्हणालो, “अण्णा, सूत उचलू नका.” अण्णांनी सूतवाल्याला शब्द दिला होता. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सहा महिन्यांनी तमिळनाडूतल्या करूरच्या एका बँकेची त्याच नावाबद्दल चौकशी आली. तिथल्या निर्यातदाराचा माल पाठवून झाला होता.

ठक असा पकडता येतो. बुडवतं ते चांगलं, जुनं गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीला आमचे एक कारखानदार आठ वर्षं टॉवेल देत होते. साठ दिवसांची मुदत, एकसष्टाव्या दिवशी पैसे. माझ्या वहीत प्रत्येक बिलापुढे येणं कधीचं आणि आलं कधी, अशा दोन तारखा असायच्या. २००७ च्या दिवाळीपासून त्या दोन तारखांमधलं अंतर वाढायला लागलं. पैसे बहात्तराव्या दिवशी यायला लागले, मग ऐंशीव्या, मग शहाण्णवाव्या. मी वरच्या कार्यालयाला लिहिलं, या पार्टीवरची उधारी थांबवा. तिथल्या साहेबांना वर्षअखेरीचं टार्गेट होतं. उत्तर आलं, ग्राहक नामांकित आहे, मर्यादा वाढवून द्यावी. ते पत्र मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती साखळी दिवाळखोरीत गेली. तो काळच तसा होता. २ मे २००८ ला लिनन्स अँड थिंग्जसारख्या मोठ्या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अमेरिकेच्या कायद्यात अर्जाआधीच्या २० दिवसांत पोहोचलेल्या मालाच्या पैशांना आधीचा नंबर मिळतो. त्याआधीचा माल असेल तर तारण नसलेल्या बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर रांगेत मागे उभं राहायचं. न्हावा-शेव्याहून महिनाभर समुद्रात काढून मग तीन महिने उधारीवर पडलेल्या मालाला ते २० दिवस काय कामाचे? त्यात अडचणीतल्या गिऱ्हाइकाला अचानक टॉवेलचं वजन कमी दिसतं, रंग उतरलेला दिसतो. मालाच्या प्रतीचा वाद निघाला की पतविम्याचा दावाही अडतो, गिऱ्हाइकाच्या देशातल्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने आणावा लागतो. सोलापूरचा माणूस न्यू जर्सीत वकील कुठून करणार? त्या कारखानदारांनी बारा यंत्रमाग विकले. त्यातले दोन भंगाराच्या भावाने गेले. टार्गेटवाल्या साहेबांना बढती मिळाली.

२००९ मध्ये मी निवृत्त झालो. त्यानंतरचं ऐकून माहीत आहे, पण ऐकलेलंच पुरेसं जाळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच्या महिनाभर आधी, २४ जुलैला, ब्रिटनशी व्यापार करार झाला होता. साहजिकच सगळे ब्रिटनमध्ये नव्या पार्ट्या शोधायला लागले. आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पर्यंत १२ पौंडांत घरबसल्या कंपनी नोंदवता येत होती, मग मे २०२४ मध्ये ती फी ५० पौंड झाली. संचालक खरा कोण, याची ओळख पटवणं सक्तीचं झालं ते १८ नोव्हेंबर २०२५ पासून. अशा कंपनीचा अहवाल आज दोन मिनिटांत पडद्यावर येतो. नोंदणी क्रमांक खरा, तारीख खरी, शेरा हिरवा. तो वाचून ‘अण्णा, नको’ म्हणणारं माणूस तेवढं नाही. आता फॅक्सच्या माथ्यावरची ओळही नाही. निर्यातदाराच्या नावाने गिऱ्हाइकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल जातो, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असतं, आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाचे नऊ लाख असेच गेले. गिऱ्हाइकाने त्याच्या जुन्या नंबरवर एक फोन केला असता तर वाचले असते.

कपाटातल्या फायली गेल्या, त्या परत येणार नाहीत. करूरला जे कळायला सहा महिने लागले ते आज एका संध्याकाळी कळू शकतं, जर निर्यातदार एकमेकांना सांगतील तर. ते सांगत नाहीत. गिऱ्हाईक पळवलं जाईल या भीतीने शेजारच्या कारखान्यालाही नाव सांगत नाहीत, आणि एकच पार्टी तिघांना बुडवते. सोलापूर, इचलकरंजी, मालेगावच्या कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. महिन्यातून एकदा एकत्र बसा आणि प्रत्येक परदेशी पार्टीपुढे दोनच तारखा लिहा, येणं कधीचं आणि आलं कधी. वही घालून द्यायला मी यायला तयार आहे.