संशोधकाची स्वतःची वेबसाइट, तीही फुकट

समजा, तुम्ही डहाणू-तलासरीत वारली चित्रकलेवर फील्डवर्क करताय. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल. पण पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या गंजाडमध्ये ज्यांनी तुम्हाला माहिती दिली, त्यांना तो कुठे दिसणार? म्हणून वेबसाइट करा.

कोडिंग येत नसेल तर गूगल साइट्स घ्या. मराठीत लिहा, पान मोबाइलवर उघडून बघा. थोडं कोडिंग येत असेल तर गिटहब पेजेस. तिथे साइट १ जीबीपर्यंत चालते. डेटा झेनोडोवर ठेवा, डीओआय फुकट मिळतो.

अकाउंट मात्र विद्यापीठाच्या ईमेलवर काढू नका. पीएचडीनंतर तो बंद झाला, तर साइटही जाऊ शकते. आणि कुणाचंही चित्र, फोटो किंवा आवाज टाकण्याआधी त्यांना विचाराच.